तार बंद आहे, हे कोण सांगणार?

जबलपूरच्या कमानिया गेटकडून सराफ्यात शिरणाऱ्याची नजर दुकानांच्या काचांकडे जाते. ती जरा वर न्यावी. खाली पेढी, वर राहते घर, सज्ज्याजवळून गेलेल्या विजेच्या तारा आणि त्याच खांबांच्या आधाराने लोंबणाऱ्या केबल टीव्ही-इंटरनेटच्या वायरी, हे जुन्या बाजारपेठांचे नेहमीचे रूप आहे. नागपूरच्या इतवारीत वाढलेल्या माणसालाही ते ओळखीचे वाटेल. अशा गल्लीत आग लागली की जमलेली गर्दी एकच ओरडा करते, ‘पाणी मारा!’ बंबावरून उतरलेल्या जवानाला त्याआधी एक गोष्ट कळायला हवी असते. समोरची तार बंद आहे का, आणि ती बंद आहे हे कोणाच्या शब्दावर मानायचे?

याचे उत्तर मिळेपर्यंत जाणारी मिनिटे बघ्यांना दिरंगाई वाटतात. आमच्या मते तो आग विझवण्याच्या कामाचाच भाग आहे. ती मिनिटे कमी व्हायला हवीत, यात वाद नाही. पण ती कमी करण्याची जबाबदारी जवानाने जिवावर उदार होऊन उचलायची नाही. ती वीज कंपनीची, महापालिकेची आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांची आहे.

१ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपुरातच, दमोह नाका भागातील न्यू लाइफ मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाला लागलेल्या आगीत आठ जणांचे प्राण गेले. शॉर्टसर्किट हे कारण प्राथमिक माहितीत पुढे आले. नंतर चर्चा झाली ती बाहेर पडायला एकच वाट असल्याची, परवान्यांची आणि तपासण्यांची. ती व्हायलाच हवी होती. मात्र विजेमुळे लागलेल्या आगीशी झुंजणाऱ्या माणसासमोर ती वीज कोणत्या अवस्थेत असते, हा प्रश्न अशा प्रत्येक चर्चेत मागे पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दगावणाऱ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत दरवर्षी बारा हजारांच्या वर राहिली आहे. एवढ्या मोठ्या संख्येत आगीच्या ठिकाणचा धोका वेगळा उठून दिसत नाही, आणि म्हणून त्याचा वेगळा विचारही होत नाही.

धोका नेमका कसा असतो, ते समजून घेऊ. बंबातल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते वीज वाहून नेते. ब्रँचमधून, म्हणजे पाइपच्या टोकाच्या धातूच्या नळीतून, सुटलेली जाड, सलग धार जिवंत तारेला लागली, तर तार, धार, धातूची ब्रँच आणि ती धरणारे हात अशी वाट तयार होते. धार जितकी जाड आणि अंतर जितके कमी, तितका अधिक प्रवाह त्या वाटेने येऊ शकतो. तेच पाणी फवाऱ्याच्या रूपात सोडले तर थेंबाथेंबांमध्ये हवा येते आणि ती वाट तुटते. जर्मनीत अग्निशमन दलांसाठीचा नियम याच तत्त्वावर उभा आहे. ठरावीक मापाचे नोझल आणि ५ बार दाब असेल, तर लघुदाबाच्या म्हणजे एक हजार व्होल्टपर्यंतच्या यंत्रणेपासून फवाऱ्यासाठी किमान १ मीटर आणि सलग धारेसाठी ५ मीटर अंतर राखायचे. उच्चदाब असेल तर हेच आकडे ५ आणि १० मीटर होतात. नोझल मोठे किंवा दाब जास्त असेल तर अंतर वाढवायचे. फोम तर वीजपुरवठा बंद असल्याशिवाय वापरायचाच नाही.

हे आकडे सराफ्यासारख्या गल्लीत आणून पाहिले की अडचण लगेच दिसते. दहा मीटर मागे सरकायचे म्हटले तर अनेक ठिकाणी पाठ समोरच्या दुकानाला टेकेल. इथे ब्रँच हाती धरणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा गल्लीची रुंदी निर्णायक ठरते.

आपल्याकडच्या नियमांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची तार ६.१ मीटर उंच असावी असे सांगितले होते. इमारतीच्या बाजूने जाणाऱ्या तारेचे आडवे अंतर किमान १.२ मीटर. ही अंतरे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेली आहेत. रस्त्याने चालणारा, खिडकीत उभा राहणारा, गच्चीवर कपडे वाळत घालणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ती ठरली, आणि त्या माणसासाठी ती पुरेशी आहेत. अग्निशमन जवान मात्र त्याच जागी १०.५ मीटरची ॲल्युमिनियमची शिडी उभी करतो. तारेच्या उंचीपेक्षा ती चार मीटरहून अधिक वर जाते. शिवाय उच्चदाबाच्या तारेपासून माणूस, शिडी आणि अवजार यांनी सुमारे तीन मीटर दूर राहावे, हा जर्मनीत आणि अमेरिकेत मान्य झालेला दंडक आहे. म्हणजे नियमाप्रमाणे अगदी काटेकोर उभारलेली ११ केव्हीची वाहिनी खिडकीपासून सव्वा मीटरवरून जात असेल, तरी त्या खिडकीला शिडी लावणारा जवान धोक्याच्या हद्दीत आलेलाच असतो. नियम मोडला म्हणून अपघात झाला, असे म्हणण्याचीही सोय तिथे उरत नाही. कुणीतरी बेकायदा सज्जा वाढवलेला असेल, तर मग विचारायलाच नको.

तार सुरक्षित आहे असे वाटायला लावणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. ठिणग्या थांबल्या, गल्लीतले दिवे गेले, तार तुटून निपचित पडली, की लोक म्हणतात लाईन गेली. ती गेलेली नसू शकते. फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी, ट्रिप झाल्यावर काही ठिकाणी स्वयंचलित यंत्रणा काही सेकंदांत पुरवठा पुन्हा जोडून पाहते. जिथे ती नाही तिथे बिघाड टिकून आहे का, हे तपासायला उपकेंद्रातला ऑपरेटर फिडर पुन्हा चार्ज करून बघतो. आगीची खबर त्याच्यापर्यंत पोहोचली नसेल तर त्याच्या दृष्टीने हे रोजचेच काम आहे.

दुसरा धोका उलट दिशेने येतो आणि बाजारपेठेत तोच अधिक चिंतेचा आहे. पेढ्यांमध्ये इन्व्हर्टर असतात, जनरेटर असतात, काही छतांवर सौरपट्ट्या आल्या आहेत. जनरेटर आणि मुख्य पुरवठा यांच्यामध्ये योग्य चेंजओव्हर स्विच नसेल, तर जनरेटरची वीज बंद केलेल्या वाहिनीत उलटी शिरते. ती रोहित्रापर्यंत पोहोचली तर तिथे दाब वाढून ११ केव्हीच्या बाजूला उच्चदाब तयार होऊ शकतो. उपकेंद्रातून पुरवठा बंद केल्याचा निरोप खरा असतो आणि तार तरीही जिवंत असते. म्हणूनच लाईनमन केवळ स्विच उघडून थांबत नाही. परमिट घेतो, दाब नाही हे तपासतो, मग डिस्चार्ज रॉडने तार अर्थ करतो आणि त्यानंतरच हात लावतो. वर्षानुवर्षे तारांवर काम करणाऱ्यांनी स्वतःसाठी जपलेली ही शिस्त आहे. त्याच तारेखाली उभ्या राहणाऱ्या अग्निशमन जवानाला त्याहून कमी खात्रीवर काम करायला लावणे योग्य नाही.

आगही तारेची अवस्था बदलत असते. वाहिन्यांतले ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि पेटलेल्या इमारतीतली उष्णता त्याच्या पुढे जाऊ शकते. त्याच्या बरेच आधी तार नरम पडून झोळ खाते. वरून आवरण असलेल्या केबलचे आवरण जळून गेलेले असते, पण धुरात ते दिसत नाही. तुटलेली तार केबल टीव्हीच्या वायरीवर पडली तर ती निरुपद्रवी वायरही विजेची होते. उच्चदाबाची तार जमिनीवर पडली तर भोवतालच्या जमिनीत दाब पसरतो. तारेपाशी तो जास्त, दूर जावे तसा कमी. चालणाऱ्याच्या दोन पावलांखाली त्यामुळे वेगवेगळा दाब येतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. म्हणून अशा ठिकाणापासून वीस मीटर दूर राहायचे, आणि आत सापडलोच तर लांब ढांगा न टाकता पावले जवळजवळ जुळवून, जमिनीला घासत बाहेर यायचे.

जवानांचे बूट आणि हातमोजे यांबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. ते उष्णतेपासून, खिळ्या-काचांपासून वाचवण्यासाठी असतात. विजेच्या कामाचे रबरी हातमोजे वेगळे, ठरावीक दाबासाठी तपासलेले असतात. पाण्याने निथळणारे अग्निशमनाचे हातमोजे घालून तार बाजूला सारणारा जवान शूर असेल, पण त्याच्या हातात संरक्षण नसते.

यावर रास्त आक्षेप असा की वरच्या मजल्यावर माणसे अडकलेली असताना वाट पाहायची म्हणजे त्यांना मरू द्यायचे काय? नाही. तारेच्या बाजूने शिडी न लावता मागच्या दाराने, शेजारच्या गच्चीवरून जाता येते. अंतर राखून फवारा वापरता येतो. पॅनेलच्या आगीला पाण्याऐवजी कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड वापरता येतो. यांतले काहीच शक्य नसेल तेव्हा कठीण निर्णय प्रमुख अधिकाऱ्याला घ्यावा लागेल आणि तो त्याचाच अधिकार असला पाहिजे, गर्दीचा नव्हे. पण असा प्रसंग क्वचित यावा यासाठी जे आधी करता येते ते केलेले नसेल, तर त्या निर्णयाचे ओझे एकट्या अधिकाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

जबलपूरला हे करणे इतर शहरांपेक्षा सोपे असायला हवे. मध्य प्रदेशच्या काही वीज कंपन्यांचा कारभार याच शहरातल्या शक्तिभवनातून चालतो, आणि शहराला वीज देणाऱ्या पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालयही इथेच आहे. सामान्य ग्राहकाने १९१२ हा क्रमांक फिरवून तक्रार नोंदवावी, हे ठीक. अग्निशमन नियंत्रण कक्षाने मात्र त्या रांगेत उभे राहता कामा नये. उपकेंद्राशी त्याचा थेट संपर्क हवा. आगीची वर्दी येताच बंबाबरोबरच त्या भागाचा लाईनमन निघायला हवा, म्हणजे ‘तार बंद आणि अर्थ केली’ हे जागेवर उभा राहून सांगणारा जबाबदार माणूस असेल. दाट वस्तीतल्या प्रत्येक खांबाला ठळक क्रमांक हवा आणि कोणता खांब कोणत्या रोहित्रावर, कोणत्या फिडरवर आहे याचा नकाशा बंबावर हवा. ‘सराफ्यात मंदिराजवळ’ एवढ्या पत्त्यावर फिडर बंद होत नसतो.

तारा जमिनीखाली नेणे हा पक्का उपाय आहे. मुंबई बेटावर बेस्टची वीज अशीच जमिनीखालून येते. त्याला पैसा आणि काळ लागेल. दरम्यान उघड्या तारांऐवजी आवरणाची केबल टाकण्याचे काम सर्वांत अरुंद गल्ल्यांपासून सुरू व्हावे. रुंद रस्त्यावर काम सोपे असते म्हणून तिथून सुरुवात होते, आणि जिथे शिडी फिरवायलाही जागा नाही ती गल्ली शेवटी उरते.

व्यापाऱ्यांच्या वाट्यालाही थोडके काम नाही. जनरेटरला चेंजओव्हर स्विच, मुख्य स्विच दुकानाच्या दाराजवळ आणि त्यापुढे माल न रचलेला, एवढे प्रत्येक पेढीला स्वतः करता येण्यासारखे आहे. सोने-चांदीच्या कारागिरांकडे गॅस सिलिंडर आणि नायट्रिक ॲसिडसारखी तेजाबे असतात. ती कोणत्या मजल्यावर आहेत, याची यादी सराफा व्यापाऱ्यांनी अग्निशमन दलाला द्यावी.

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटांत प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो असतो. त्या आठवड्यातली एक सकाळ सराफ्यासाठी राखून ठेवावी. बाजार उघडण्यापूर्वी बंब, लाईनमन आणि व्यापारी एकत्र यावेत, खरोखर फिडर बंद करून वर्दीपासून अर्थिंगपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे, आणि शिडी कुठे उभी राहू शकते, कुठे राहूच शकत नाही, हे गल्लीगणिक नोंदवावे. ती नोंद धनत्रयोदशीच्या गर्दीआधी बंबावर आणि उपकेंद्रात, दोन्ही ठिकाणी पोहोचलेली असावी.