गिरणीचे छप्पर आणि गणरायाची माती

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सवा’चा दर्जा दिला. लोकमान्यांनी १८९३ मध्ये ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याचा असा गौरव झाल्याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु ज्या हातांतून गणराय साकारतो, त्या मूर्तिकाराला मुंबईत डोक्यावर छप्पर आहे काय, हा प्रश्न या आनंदात फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

परळ-लालबागचा मूर्तिकार दरवर्षी मैदानाच्या कडेला, रस्त्यालगत बांबू आणि ताडपत्रीचा मंडप उभारतो, परवानग्यांसाठी खेटे घालतो आणि उत्सव संपला की सारे मोडून टाकतो. त्यातच आता शाडूचा आग्रह आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे न्यायालयात बरेच वाद झाले. परंतु घरगुती मूर्ती तरी मातीची असावी, ही दिशा योग्यच आहे. मुंबई महापालिका मूर्तिकारांना शाडू विनामूल्य देते, हेही स्तुत्य. पण माती दिली म्हणजे मूर्ती होत नाही. शाडूची मूर्ती जड. ती एकावर एक रचता येत नाही. ओली असताना कडक उन्हात ठेवली तर तडकते आणि आषाढाच्या दमट हवेत वाळायला दिवसामागून दिवस घेते. म्हणजे तिला जागा अधिक हवी, ती कोरडी हवी आणि अनेक महिने हवी. नेमके हेच मंडपात मिळत नाही.

आणि अशी जागा याच वस्तीत उभी आहे. गिरण्यांची साचेखाती बांधणाऱ्यांनी त्यांची छपरे करवतीच्या दातांसारखी केली आणि काचा उत्तरेकडे लावल्या. उद्देश असा, की ऊन आत येऊ नये, पण दिवसभर एकसारखा उजेड पडावा आणि तुटलेला धागा विणकराला तत्काळ दिसावा. चित्रकार आणि शिल्पकार आयुष्यभर शोधतात तो हाच उजेड. उंच छत, बिडाचे खांब, जड यंत्रांचा भार सोसलेली जमीन! नव्याने बांधायचे म्हटले तर असे कार्यशाळेचे दालन आज कोण बांधील?

मुंबईत एकेकाळी ५८ गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप कोणी विधिवत मागे घेतला नाही; गिरणी मात्र संपली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियमात बदल करून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती ठेवली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. पुढचे सर्वांसमोर आहे. जिथे भोंगा वाजत होता तिथे मॉल आणि उपाहारगृहे आली. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात आगीत १४ जीव गेले, तेव्हा कुठे गिरणीच्या जागेचे काय झाले याकडे काही दिवस लक्ष गेले.

गिरणगाव केवळ कापड विणत नव्हते. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगाराने सहा दिवस गिरण्या बंद ठेवून राष्ट्रभक्तीची साक्ष दिली. कोकणातून आलेल्याने नमन आणि दशावतार आणला, घाटावरच्याने भजन आणि तमाशा. शाहिरांचे डफ चाळीच्या अंगणात कडाडले. वर्गकलहाच्या चष्म्यातून या वस्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांना तिथले भजनी मंडळ क्वचितच दिसले, ही गोष्ट वेगळी. आज तालमीला हक्काची खोली नाही. १९२२ पासूनचे परळचे दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले.

जुन्या कारखान्यांत कलावंतांना जागा देण्याची कल्पना जगाला नवी नाही. मात्र त्यातला धडा आपण घ्यायला हवा. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील रिकाम्या कारखान्यांत चित्रकार शिरले, १९७१ मध्ये नगर प्रशासनाने त्यांचे तिथे राहणे कायदेशीर केले. पुढे वस्तीला नाव मिळाले, भाडी वाढली आणि चित्रकारांना बाहेर पडावे लागले. बीजिंगच्या ‘७९८’ या जुन्या इलेक्ट्रॉनिक कारखान्यातही तेच घडले. कलावंताने जागेला प्रतिष्ठा द्यायची आणि तिचे मोल वाढताच त्याने गाशा गुंडाळायचा, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडेही ‘कलासंकुल’ म्हणजे वातानुकूलित दालन, महागडी कॉफी आणि परदेशी पाहुणे, असाच समज आहे. लालबागच्या मूर्तिकाराला त्यात कोण शिरू देईल?

म्हणून जागेपेक्षाही करार महत्त्वाचा. भाडे बाजारभावाशी नव्हे, देखभालीच्या खर्चाशी बांधलेले असावे. मुदत किमान तीस वर्षांची असावी. पोटभाड्याला सक्त मनाई असावी. वाटप अधिकाऱ्यांच्या मर्जीवर न सोडता त्यात मूर्तिकारांच्या संघटना आणि १९८१ पासून कलाक्षेत्रात काम करणारी संस्कार भारती यांसारख्या संस्था असाव्यात.

एवढ्या मोलाची जमीन स्वस्तात का द्यावी, असे विचारले जाईल. गिरणी कामगारांच्या घरांचे काय, हा प्रश्न तर अधिक रास्त आहे. त्यांच्या वाट्याच्या इंचभर जमिनीलाही कोणी हात लावू नये. आम्ही बोलत आहोत ते वारसा यादीतील बांधकामांबद्दल, जी पाडून तिथे इमारत उभी करणे एरवीही सोपे नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या आवारांत अशी किती छपरे धडधाकट आहेत, याची यादी शासनाने प्रथम प्रसिद्ध करावी. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला आहे. तिथे बंद पडलेले साचे काचेआड ठेवले जातील, ते ठेवावेत. त्याच आवारातील एक साचेखाते मूर्तिकारांना आणि एक तालमींना द्यावे. मातीचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू होते, तेव्हा किल्ल्या अक्षय्य तृतीयेच्या आत हाती पडाव्यात.