गौरव उदंड, सामने मोजके

ओइनाम बेमबेम देवी यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हा मान मिळवणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला फुटबॉलपटू ठरल्या. त्याआधी, २०१७ मध्ये, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. महिला फुटबॉलमध्ये तो त्यांच्यापूर्वी एकट्या शांती मलिक यांच्या वाट्याला आला होता, तोही १९८३ मध्ये. दोन पुरस्कारांत ३४ वर्षांचे अंतर. या काळात देशातल्या मुली फुटबॉल खेळत होत्याच. त्यांच्याकडे पाहायला कारभाऱ्यांना सवड नव्हती. बेमबेम देवींची जवळपास सगळी कारकीर्द याच बेफिकिरीत गेली. त्यामुळे त्यांना ‘भारतीय फुटबॉलची दुर्गा’ म्हणून हात जोडणे सोपे असले, तरी त्या दुर्गेला खेळायला सामने किती दिले, हे विचारणे अधिक गरजेचे आहे.

जन्म १९८० चा, इम्फाळचा. मुलींना खेळायला वेगळी जागा नव्हती, म्हणून ही मुलगी सरळ मुलांच्या घोळक्यात शिरली. नाव विचारले की ‘बोबो’ किंवा ‘आमको’ असे काहीतरी मुलाचे नाव ठोकून द्यायची. एकदा चेंडू पायाशी आला की पुढे कोणी चौकशी करत नसे. पंधराव्या वर्षी, १९९५ च्या आशियाई स्पर्धेत, गुआमविरुद्ध तिने भारताकडून पदार्पण केले. पुढची दोन दशके भारताच्या मधल्या फळीची सूत्रे तिच्याकडे राहिली. ही जागा तशी बिनबोभाट कष्टाची. गोल करणाऱ्याचे नाव छापून येते. त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवणारा आणि चेंडू गेला की उलट धावत मागे येणारा खेळाडू सामना प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच कळतो. भारतात महिलांचे सामने पाहणारे होते तरी किती?

आणि सामनेच नसतील तर पाहणार तरी काय? सलग १८ महिने एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळणारा देश तेव्हा फिफाच्या क्रमवारीतून बाहेर जात असे. २००९ मध्ये भारताच्या महिला संघावर नेमकी हीच नामुष्की ओढवली. कोणाकडून हरून आपण यादीतून गेलो नाही, मैदानात उतरलोच नाही म्हणून गेलो. बेमबेम देवी तेव्हा २९ वर्षांच्या होत्या. मधल्या फळीतला खेळाडू या वयात ऐन बहरात असतो. फिटनेस टिकवता येतो, सराव एकट्याने करता येतो. पण सामन्याची नजर सामन्यातच येते. ती वर्षे त्यांना कोणताही पुरस्कार परत देऊ शकत नाही. त्यांच्या पोटापाण्याची सोयही मणिपूर पोलीस दलातल्या नोकरीने झाली, फुटबॉलने नव्हे.

ही दशा पहिल्यापासूनची नव्हती, म्हणून तर अधिक बोचते. महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७५ मध्ये उभी राहिली. गोव्याच्या योलांडा डिसूझांसारख्या खेळाडूंच्या त्या पिढीत भारत १९८० साली कोझिकोडला आणि पुन्हा १९८३ साली बँकॉकला आशियाई उपविजेता झाला. नव्वदच्या दशकात कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला. त्यानंतर जपान, चीन, कोरिया कुठे पोहोचले आणि आपण कुठे राहिलो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही २०१० नंतर सामने मिळू लागताच याच संघाने दक्षिण आशियात विजेतेपदांची रांग लावली. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण जिंकून बेमबेम देवी निवृत्त झाल्या. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती त्यानंतर, २०१७ च्या तोंडावर. पहिले विजेतेपद इम्फाळच्याच ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने नेले, यात नवल नाही.

त्यांच्यानंतरच्या मुलींचे तरी बरे चालले आहे का? जानेवारी २०२२ मध्ये आशियाई चषक आपल्याकडेच, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर करोनाने संघ इतका पोखरला की दुसऱ्या सामन्यासाठी १३ खेळाडूही उभे राहिले नाहीत, यजमान स्पर्धेबाहेर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महासंघाच्या कारभारातील गोंधळामुळे फिफाने भारतावर बंदी घातली. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलाही होता. भांडण दिल्लीतल्या खुर्च्यांचे, आणि रिकाम्या हाताने परतल्या त्या या मुली. पुढच्या वर्षी महासंघाने लीगमधल्या खेळाडूंसाठी किमान मानधन ठरवले : वर्षाला ३ लाख २० हजार रुपये. महिन्याला सत्तावीस हजारांच्याही आत. तेही प्रत्येक क्लबच्या किमान दहा जणींनाच. तरीही जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून, संगीता बासफोरच्या दोन गोलांच्या जोरावर, भारत पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात गेला.

या यशाचे श्रेय घ्यायला व्यासपीठावर गर्दी झाली, ती होतेच. त्या गर्दीने आता एवढेच करावे : राष्ट्रीय संघाच्या वर्षभराच्या सामन्यांच्या तारखा आधी जाहीर कराव्यात आणि त्या पाळाव्यात. राज्यांनीही दिल्लीकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये. एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आला आहे, म्हणजे महाराष्ट्रात मुलींची वानवा नाही. त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवरची लीग वर्षातले किती आठवडे चालते, याचा हिशेब महाराष्ट्र आणि गोव्याच्या संघटनांनी पुढच्या मोसमाआधी मांडावा.