इडापिडा आणि पेस्टवाले

दिवाळीच्या तोंडावर ज्यांचा धंदा तेजीत असतो अशा मंडळींत शिंपी, सोनार, मिठाईवाले यांची नावे सगळेच घेतात. पेस्टवाल्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. वास्तविक आश्विनाच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या बिचाऱ्याला जेवायला फुरसत नसते. माळे उपसले जातात, ट्रंका सरकतात, ओट्याखालचे डबे बाहेर येतात आणि वर्षभर आपल्या संगतीने गुण्यागोविंदाने नांदलेली प्रजा एकदम उजेडात येते. मग फोन जातो. फोनवर पुष्कळ घरांतून एकच विनंती होते म्हणे : "येताना पाटीवाली गाडी आणू नका हो, आणि तो पंप पिशवीत घालून आणा!" झुरळे आहेत हे झुरळांना ठाऊक, आपल्याला ठाऊक, समोरच्या काकूंकडे तर तीच झुरळे जाऊन-येऊन असतात. तरी काकूंना कळता कामा नये!

आता ज्याला असे चोरून आत घ्यायचे, त्याला जिन्यात उभे करून कागदपत्रे कोण विचारणार? या लेखाचे सारे कारण एवढ्या एका अडचणीत आहे. पण तिकडे वळण्यापूर्वी, मास्तरकीची खोड म्हणून, दोन शब्द शब्दांविषयी.

'पेस्ट' हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिन वंशातून, आणि त्याचा जुना अर्थ रोगाची साथ, त्यातही प्लेग. बलिप्रतिपदेला ओवाळताना "इडा पिडा टळो" म्हणतात, त्यातली पिडा ती हीच म्हणायला हरकत नाही. आपण मात्र 'कंट्रोल' गाळून टाकले आणि "काल आमच्याकडे पेस्ट केलं" असे खुशाल सांगू लागलो; म्हणजे काल आमच्याकडे प्लेग केला! एरवी या बाबतीत मराठी काही दरिद्री नाही. वाळवी निराळी, कसर निराळी. धान्यातले टोके, सोंडे, पोरकिडे निराळे. ढेकूण, पिसू, गोचीड, चिलट यांची तर गणतीच नको. शत्रूंना इतकी नावे, आणि त्यांच्याशी लढणाऱ्याला एकही नाही.

अमेरिकेत या धंद्याची संघटना १९३३ साली निघाली, तेव्हा तिने आपल्या नावात किडींचे 'संहारक' आणि 'धुरी देणारे' असे शब्द घातले होते. १९३७ साली संहार गेला आणि 'नियंत्रण' आले. २००० साली नियंत्रणही गेले, 'व्यवस्थापन' आले. वाचकांना ही नुसती नावांची चलाखी वाटेल. पण प्रत्येक पायरीमागे एक कबुलीही आहे : सगळे मारून टाकता येत नाही, आणि सगळे मारण्याच्या नादात मारणाराही मरतो. आपल्याकडची संघटना १९६७ सालची. २०१७ साली पेकिंगहून ६ जून हा 'जागतिक पेस्ट दिन' म्हणून पाळण्यास सुरुवात झाली. त्या दिवशी कोणाला काय शुभेच्छा द्यायच्या, हे मला अजून उमगलेले नाही.

थट्टा पुरे. या कामाची किंमत मुंबईने पूर्वीच मोजलेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. पुढे काय झाले ते पुण्या-मुंबईच्या जुन्या घराण्यांत आजही सांगतात. उंदराच्या अंगावरची पिसू ही या रोगाची वाहक, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवले, आणि पुढे मुंबईतल्याच संशोधनाने त्याला दुजोरा मिळाला. मुंबई महापालिकेचे मूषकसंहारक हाती काठी आणि बॅटरी घेऊन रात्री गल्लीबोळांतून हिंडतात, त्याचे मूळ या धड्यात आहे. आपण झोपलेले असतो म्हणून ते दिसत नाहीत, इतकेच.

आता कायद्याकडे. १९५८ साली मुंबईहून केरळकडे समुद्रमार्गे गेलेल्या गव्हाच्या मालात पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक सांडले. त्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरावर माणसे दगावली. चौकशी झाली, अहवाल झाले, आणि दहा वर्षांनी १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. त्याचे नियम १९७१ चे. या नियमांत पुढे घरोघर औषध मारणाऱ्यांसाठीही परवान्याची तरतूद आली. परवाना घेणारा शेतकीचा, नाहीतर रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाचा पदवीधर हवा. शिवाय त्याने म्हैसूर, हापूर किंवा हैदराबाद येथल्या केंद्रीय संस्थेत किमान पंधरा दिवसांचे शिक्षण घेतलेले हवे. विषारी वायूची धुरी द्यायची तर त्याहूनही कडक अटी. नियम वाचून मी चकित झालो. मराठीच्या एम.ए.ला महाविद्यालयात उभे राहण्यापूर्वी कोणी पंधरा दिवसांचेही शिक्षण देत नाही!

परवाना देते कोण, तर कृषी खाते. दादरच्या तिसऱ्या मजल्यावर कसली शेती, असे मी एका पेस्टवाल्या गृहस्थांना विचारले. हे गृहस्थ साठीच्या घरातले, रसायनशास्त्राचे पदवीधर, बोलायला मृदू. ते म्हणाले, "सर, तेच तर आमचं रडगाणं आहे. कायदा शेत डोळ्यांपुढे ठेवून लिहिला. २००८ साली नवं विधेयक आलं, २०२० साली पुन्हा आलं. तेव्हाही बोलणं झालं ते शेताचं. शेतावर वारा असतो हो! आमच्या कामात बंद खोली असते आणि पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी तान्हं मूल निजलेलं असतं."

हे गृहस्थ मला भेटले ते आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामुळे. गेल्या उन्हाळ्यात जुन्या मासिकांच्या खोलीत भिंतीवरून मातीची एक बारीक रेघ वर चढताना दिसली. त्या कपाटात 'मनोरंजन'च्या बांधीव फायली आहेत. का. र. मित्रांनी १९०९ साली काढलेला अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात, हे आपण जाणताच. म्हणजे ज्या प्रथेमुळे हा मजकूर आपल्या हाती आला तिच्या मुळालाच वाळवी लागू पाहत होती. ग्रंथालय समितीत मी आहे. तीन दरपत्रके आली. सर्वांत स्वस्त पत्रकात औषधाचे नाव नव्हते. "गोळ्या ठेवून दार बंद करणे, वास नाही, तीन वर्षांची गॅरंटी" एवढेच होते.

या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. किराण्याच्या दुकानात गव्हात ठेवायच्या म्हणून मागतात त्याच. ती खरी वखारीतली वस्तू. हवेतल्या ओलाव्याने तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो आणि मागे राखाडी भुकटी राहते. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. लसणासारखी जी घाण येते ती त्यातल्या भेसळीची. म्हणजे वास नाही म्हणून धोका नाही, असे समजण्याची सोय नाही. यावर उतारा नाही. म्हणून तर या गोळ्यांची विक्री सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे व्यावसायिक यांच्यापुरती मर्यादित केलेली आहे. पण बाजारात कोण विचारतो?

आणि वाळवीसाठी त्या ठेवायच्या! आमचे गृहस्थ हसलेच. वाळवीचे राज्य जमिनीत, राणी जमिनीत. खोलीत वायू सोडला तर खोलीतली चार मजूर मरतील आणि महिन्याने रेघ पुन्हा चढेल. तिच्यासाठी भिंतीच्या कडेने फूटफूटभर अंतरावर बारीक भोके पाडून औषध जमिनीत मुरवावे लागते. इमारतींच्या वाळवीप्रतिबंधाची तशी भारतीय मानकांची संहिताही आहे. काम धुळीचे, वेळखाऊ आणि अर्थातच महाग.

समितीत मी हे सांगितले. एक सन्मान्य सभासद म्हणाले, "मराठीच्या प्राध्यापकांनी रसायनशास्त्रात कशाला शिरावे?" हिशेबनिसांचे म्हणणे साधे होते : सर्वांत कमी दर नाकारायचा तर कारण लिहून द्या. आता त्या खोलीच्या पाठीला पाठ लावून आमचे शिपाईमामा बायको आणि दोन मुलांसह राहतात. मधली भिंत जुनी, वर वासे आणि फटी. माझ्या डोळ्यांपुढे चेन्नईजवळच्या कुंद्रातूरची बातमी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे उंदरांसाठी घरात विष टाकून घेतल्यानंतर रात्री दोन लहान भावंडे मरण पावली, आईबाप इस्पितळात. औषध टाकणारी मंडळी नेहमीसारखी आली, नेहमीसारखी गेली. मी कारण लिहून दिले. त्यात 'मनोरंजन'चा उल्लेख शेवटी होता.

पेस्टवाल्यांच्या संघटना परवान्यासाठी ओरडतात, त्यात स्वतःचा धंदा सांभाळण्याचा हेतू आहे, हे मला कळते. असू दे की! डॉक्टरांच्या संघटना वैदूंविरुद्ध बोलतात तेव्हाही तो असतोच. माझी तक्रार निराळी आहे. परवाना मालकाच्या नावाचा, भिंतीवर चौकटीत लावलेला. पाठीवर पंप घेऊन आपल्या ओट्याखाली शिरतो तो रोजंदारीवरचा पोरगा. त्याच्या हातात मोजे नसतात, नाकाला रुमाल असतो, आणि बाटलीवर काय छापले आहे ते त्याला कोणी वाचून दाखवलेले नसते. १९५८ साली पीठ खाणाऱ्यांना पोत्यात काय आहे ते ठाऊक नव्हते. याला आपल्या पाठीवर काय आहे ते ठाऊक नसते. आमच्या गृहस्थांना मी हे स्पष्ट बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे मोजे आहेत, सर. पोरं घालत नाहीत, उकडतं म्हणतात. मी ओरडतो." थोडे थांबून म्हणाले, "पुरेसं ओरडत नाही, हे खरं."

ते मग त्या खोलीत गेले, टाचणीने रेघ उकरून पाहिली आणि मला फायली मधल्या टेबलावर, भिंतीपासून दूर हलवायला सांगितल्या. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

समितीने दरपत्रके रद्द करून नवी मागवण्याचे ठरवले. नमुन्यात दोन रकाने वाढले : परवाना क्रमांक, आणि औषधाचे नाव. परवा लिफाफे फोडले. कमी दरवाल्याने या खेपेस दर आणखी उतरवला आहे, आणि दोन्ही रकान्यांत सुरेख अक्षरात 'लागू नाही' असे लिहिले आहे. हिशेबनीस कागद घेऊन माझ्याकडे आले. "सर, रकाना भरलेला तर आहे. आता?" सुट्टी लागायला दोन दिवस होते. फायली अजून टेबलावर आहेत. मामांची धाकटी रोज संध्याकाळी त्यांच्यावरची धूळ झटकते, आणि टेबलाच्या पायांशी मातीची रेघ दिसते का ते वाकून पाहते.