तहान नसताना प्यायलेले पाणी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवारी 'टेक्सास वॉटर सफारी' ही होड्यांची शर्यत सुटते. सॅन मार्कोसच्या झऱ्यांपासून ग्वादालुपे नदीमार्गे समुद्रकाठच्या सीड्रिफ्टपर्यंत २६० मैल, म्हणजे सुमारे ४१८ किलोमीटर अंतर वल्हवत कापायचे. मुदत १०० तास. बंधारा किंवा वाहून आलेल्या ओंडक्यांचा ढीग आडवा आला, की होडी उचलून काठाने चालायचे. जूनचे ऊन, दमट हवा आणि जागून काढलेल्या दोन-तीन रात्री. १९६३ पासून चालत आलेल्या या शर्यतीत २०१२ साली पहिल्यांदाच एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. तो बुडाला नव्हता. त्याच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरले होते. वैद्यकीय भाषेत याला 'हायपोनॅट्रेमिया' म्हणतात.

उन्हात शरीरातील पाणी कमी होते, ही भीती सर्वांना ठाऊक असते. पाणी जास्त झाल्यानेही जीव जातो, हे मात्र पटकन पटत नाही. निरोगी मूत्रपिंड एरवी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकते. पण दीर्घ श्रम, वेदना, मळमळ यांमुळे शरीरात लघवी रोखून धरणारे संप्रेरक वाढते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. घामावाटे मीठ जातच असते. अशा वेळी तहान नसताना 'पीत राहा' हा सल्ला पाळला, तर रक्त पातळ होते, पाणी पेशींमध्ये शिरते आणि मेंदूला सूज येते. कवटीत सुजायला जागा नसते.

होडीच्या लांब शर्यतीत हे ओळखणे आणखी कठीण असते. दुसऱ्या रात्री झाडांच्या जागी माणसे दिसणे, नसलेले आवाज ऐकू येणे हे वल्हवणाऱ्यांना नेहमीचेच. सोबती त्यावर हसतात. सोडियम घसरल्यावर होणारा गोंधळही सुरुवातीला तसाच दिसतो. मग 'झोप नाही, पाणी कमी पडले' असे म्हणत आणखी पाणी पाजले जाते. अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणे, बोटे सुजणे, वाढती डोकेदुखी, उलट्या आणि सोबत बरळणे दिसले, तर तो झोपेचा प्रश्न समजू नये. शर्यतीत वजन घटण्याऐवजी वाढले असेल, तर ती मोठी खूण.

हा धोका फक्त नदीवरचा नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी निघाले. त्यात अंतर संपवायला चार तासांहून अधिक लागलेले, वाटेत भरपूर प्यायलेले जास्त होते. म्हणजे धोका विजेत्याला कमी, हौशी धावपटूला अधिक. मुंबई-पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये अशांचीच गर्दी असते.

बाटलीतील रंगीत पेयांवरही विसंबू नये. रक्तात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल, ओआरएसमध्ये ७५, तर बहुतेक क्रीडापेयांत २० च्या आसपास. तेही अतोनात प्यायले तर रक्त पातळच होणार. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा सल्ला साधा आहे: तहान लागेल तेवढेच प्या. तहान मारून राहा, असा याचा अर्थ नव्हे. उष्माघातही तितकाच खरा आहे.

आपल्याकडे कोणी कोसळला की 'एक सलाईन लावा' ही सवय आहे. इथे ती घातक ठरू शकते, कारण साध्या सलाईनने अशा रुग्णाची प्रकृती बिघडू शकते. आधी सोडियम तपासावे. झटके किंवा बेशुद्धी असेल, तर तीन टक्क्यांचे सलाईन १०० मिलिलिटर शिरेतून, गरजेनुसार पुन्हा. तोवर काठावरच्या माणसांनी पाणी पाजणे थांबवावे आणि रुग्णालयात पोहोचताच शर्यत, प्यायलेले पाणी आणि घेतलेल्या गोळ्या डॉक्टरांना सांगाव्यात.