नात्यांचे शब्द आणि इरावतीबाई

मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांची वाटणी करून टाकली आहे. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘युगान्त’ साहित्याच्या वाट्याला आली. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा १९५३ चा इंग्रजी ग्रंथ समाजशास्त्रज्ञांकडे गेला. ही वाटणी त्यांच्या कार्याच्या मुळावर येणारी आहे. कारण त्या ग्रंथाचे प्रमुख साधन भाषा हेच आहे. नातेवाचक शब्द, महाकाव्ये, लोकगीते यांवरून बाईंनी स्त्रीचे कुटुंबातील स्थान शोधले. ‘युगान्ता’तील गांधारी आणि कुंती याच शोधातून उभ्या राहिल्या आहेत.

या पद्धतीचे मर्म म्हैसूरमध्ये चटकन उमगते. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासूही; ‘माव’ म्हणजे सासरा, तसाच मामाही. मुलगी बहुधा आधीच नात्यात असलेल्या घरी जाते, म्हणून निराळ्या शब्दांची गरज पडत नाही. उत्तरेत ती परक्या गावी, परक्या माणसांत जाते. मराठी मधोमध उभी आहे. सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणणारी मराठी सून उत्तरेकडच्या भाषाकुळातील शब्दांनी दक्षिणेची चाल बोलते. मात्र मराठी मुलखात मामेबहीण चालते, आतेबहीण सहसा चालत नाही; म्हैसूरकडे मामाभाचीचा विवाहही रूढ होता. एका संबोधनातून एवढा इतिहास वाचण्याची दृष्टी बाईंनी दिली.

तथापि या मांडणीत गाव स्थिर धरलेले आहे. सासर आणि माहेर ही दोन ठिकाणे असतात, हे त्यात गृहीत आहे. मेंढरांमागे वाड्याबरोबर चालणाऱ्या धनगर स्त्रीचे काय? तिचे घरच चालते. गुंथर सोनथायमर यांनी १९७६ च्या ग्रंथात धनगरांची दैवते आणि ओव्या अभ्यासासाठी आणल्या, हे मोठेच काम. पण या ओव्या गाणारे बहुधा पुरुष. खंडोबाची बाणाई, किंवा सीमेपलीकडे मैलाराची कुरुब पत्नी, आपल्याला पुरुषाच्या गळ्यातूनच भेटते. बाणाई स्वतः म्हाळसेला काय म्हणाली असती, हा प्रश्न कोणी फारसा विचारलेला नाही.

तो निरर्थक नाही. टांझानियातील मसाई पशुपालकांत दीर्घकाळ काम केलेल्या डॉरोथी हॉजसन यांनी २००१ च्या ग्रंथात दाखवून दिले की, पशुपालक समाजातील जे पुरुषवर्चस्व सनातन समजले जाते, त्याचा बराचसा भाग वसाहतकालीन धोरणांतून घडला. जनावरांवरील स्त्रियांचे हक्क तेव्हा आक्रसले. आपल्याकडेही जे ‘परंपरा’ म्हणून नोंदले जाते, ते केव्हाचे आणि कोणी सांगितलेले, हे तपासावयास हवे. त्यासाठी कोश लागेल. तोही केवळ शब्दार्थांचा नव्हे, तर कोण कोणाला, कोणाच्या देखत काय म्हणते याचा.

भारतीय भाषा संस्थान (स्थापना १९६९) आणि मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे दक्षिण विभागीय केंद्र एकाच शहरात, म्हैसूरमध्ये, आहेत. एकाकडे भाषा, दुसऱ्याकडे समाज, अशी इरावतीबाईंच्या ग्रंथांसारखीच वाटणी येथेही झालेली दिसते. काम कुरुबांच्या आणि धनगरांच्या बोलींपासून सुरू करता येईल. विचारणारी मात्र शक्यतो स्त्री असावी.