एकच दालन, पण निवांत

सुट्टीत नातवंडे आली की मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा बेत पुष्कळ घरांत ठरतो. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांचे एक वाक्य ठरलेले असते, 'तुम्ही जाऊन या, माझ्याने एवढे चालवणार नाही.' वाचकहो, संग्रहालयात खरा त्रास होतो तो चालण्याने नव्हे, उभे राहण्याने.

चालताना पोटरीचे स्नायू पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. दोन पावले टाकून चित्रासमोर पाच मिनिटे थबकले की हे कार्य मंदावते. रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो, डोके हलके वाटू लागते. रक्तदाबाच्या वा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हे लवकर जाणवते. तरुणही यातून सुटत नाहीत. बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला आणि दोष प्रेक्षकाच्या प्रकृतीला नव्हे, तर वस्तूंच्या मांडणीला दिला.

म्हणून सगळे संग्रहालय पाहण्याचा हट्ट सोडावा आणि एकच दालन निवडावे. ते कोणते, हे मुलांनी नव्हे, ज्येष्ठांनीच ठरवावे. मला विचाराल तर मी लघुचित्रांकडे वळेन. ही चित्रे मुळी हातात धरून, बसून पाहण्यासाठीच रंगवलेली. तेथे घाई शोभत नाही. मात्र कागद व रंग टिकावेत म्हणून अशा दालनांत प्रकाश मुद्दाम मंद, साधारण ५० लक्सच्या आसपास ठेवण्याची प्रथा आहे. बागेतील लख्ख उन्हातून आत आल्यावर वयस्क डोळ्यांना अंधुक प्रकाशाची सवय व्हायला अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असल्यास आणखीच. दाराशी चार-पाच मिनिटे बसावे, मग पुढे जावे. जवळचे पाहण्याचा चष्मा विसरू नये.

मध्यवर्ती दालनात शिरताच प्रत्येकाची मान घुमटाकडे वर जाते. मान मागे टाकून उभे राहिल्याने उतारवयात तोल जाऊ शकतो. कठड्याला धरून किंवा बसूनच वर पाहावे.

आता थोडे नाजूक. स्वच्छतागृहाच्या धास्तीने अनेकजण सकाळपासून पाणी पीत नाहीत, लघवीची गोळी गुपचूप टाळतात. हृदयविकार असलेल्यांना हे महागात पडते. गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे; स्वच्छतागृह, लिफ्ट व चाकांची खुर्ची यांची चौकशी सोबत्याने फोनवरून करावी. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये व साखर जवळ बाळगावी.

चाकांच्या खुर्चीचा संकोच मला कधीच समजलेला नाही. १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली होण्यापूर्वी ही वास्तू पहिल्या महायुद्धात सैनिकी रुग्णालय होती. आजाऱ्यांचे तिला वावडे नाही.

दालनात चक्कर आलीच, तर तेथेच आडवे करून पाय किंचित उंच ठेवावेत, गर्दी हटवावी. बरे वाटल्यावर आधी बसते करावे, मग हळूहळू उभे करावे. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास मात्र घरी परतण्याचा विचारही न करता १०८ क्रमांकावर फोन करावा.