शाकारणीआधी सामान बाहेर

पावसाळ्यात कणकुंबीला जायचे म्हटले की आमच्या घरी सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. जांबोटी सोडली की धुके, पुढे नुसता पाऊस, आणि मोबाईलची रेंज असली तर आपले नशीब. पण गेल्या जुलैमध्ये मावशीचा निरोप आला, "तुझ्या त्या लेखांत सगळ्यांच्या संगणकाची दुखणी बरी करतेस, आमचा एकदा बघ की येऊन." मग काय, दोन पेन ड्राइव्ह, एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि छत्री घेऊन निघाले.

मावशीचे घर तुमच्यापैकी अनेकांच्या घरासारखेच आहे. मावशी खानापूर तालुक्यातली मराठी, काका सौंदत्तीकडचे कन्नड. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीवरून पुढे कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. मावशी गमतीने म्हणते, "नदी निघते तिथली मी, नदी जाते तिकडचे हे." चुलीपाशी मराठी, बाहेरच्या खोलीत कन्नड आणि भांडण लागले तर दोन्ही.

आजारी होता तो एक छोटा नेटबुक. नेटबुक हा शब्द आता नव्या मुलांना सांगावा लागतो. २००७ मध्ये असूस कंपनीचा सात इंची 'ई पीसी' आला आणि पाठोपाठ सगळ्यांनीच हलके, स्वस्त, सीडी ड्राइव्ह नसलेले संगणक काढले. २०१० नंतर टॅबलेट आले आणि दोन-तीन वर्षांत नेटबुकचा जमाना संपला. मावशीच्या मुलाने २००९ मध्ये घेतलेल्या या नेटबुकला दहा इंची पडदा, एक जीबी मेमरी, इंटेलचा 'अ‍ॅटम एन २७०' प्रोसेसर आणि आत विंडोज एक्सपी. मुलगा बंगळुरूला गेला, नेटबुक कणकुंबीला राहिला. परवा परवापर्यंत चालत होता. एके दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली, 'एनटीएलडीआर सापडत नाही'. म्हणजे विंडोजला जागे करणारी फाइलच मिळेना.

मावशीचा नातू खानापूरला पीयूसी करतो. त्याने आजीला सांगून टाकले, "एक्सपी आता जुनी झाली, मी नवीन लिनक्स घालून देतो." विचार बरोबर होता. एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच थांबवला, तिच्यावर आज इंटरनेट चालवणे धोक्याचे आणि बहुतेक ब्राउझर तिच्यावर चालतही नाहीत. पण पोराचे दोन प्रयत्न फसले आणि तो रुसून बसला होता.

पहिल्या वेळी त्याने लिनक्सची मोठी फाइल उतरवून घेतली आणि पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली. नेटबुकने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ही चूक आपण सगळेच एकदा करतो. ती 'आयएसओ' फाइल म्हणजे बांधलेले गाठोडे. ते पेन ड्राइव्हवर नुसते ठेवून भागत नाही, 'रूफस'सारख्या छोट्या प्रोग्रॅमने सोडून मांडावे लागते, तरच संगणक त्यावरून सुरू होतो.

दुसऱ्या वेळी त्याने ते नीट केले, तर पडद्यावर एक ओळ आली आणि सगळे थांबले. संगणक म्हणत होता, या प्रणालीला ६४ बिटचा प्रोसेसर पाहिजे, इथे मला तसा सापडत नाही. अ‍ॅटम एन २७० हा ३२ बिटचा. आणि ३२ बिटवाल्यांना आता पंगतीत फारसे कोणी बसवत नाही. उबुंटूने त्यांच्यासाठी डेस्कटॉपची नवी आवृत्ती काढणे २०१७ मध्ये थांबवले आणि डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर दिला नाही. तरी डेबियनची बारावी आवृत्ती किंवा तिच्यावर बेतलेली 'अँटीएक्स २३' अशी प्रणाली ३२ बिटमध्ये मिळते. मी अँटीएक्सच बरोबर घेऊन गेले होते.

पोराने उत्साहाने पेन ड्राइव्ह खोचला, चालू करतानाच एफ २ दाबून पेन ड्राइव्हचा नंबर पहिला लावला (जुन्या यंत्रात तो 'हार्ड डिस्क'च्या यादीत लपलेला असतो, आणि चालू करण्याआधी खोचला नसेल तर दिसतच नाही). इन्स्टॉलर सुरू झाला. प्रश्न आला, 'संपूर्ण डिस्क वापरायची का?' पोराचे बोट 'हो'वर गेलेलेच होते.

"थांब," मी म्हटले. "मावशी, यात तुमचे काय काय आहे गं?"

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "काय असणार? फोटो हाईत. आणि ती गाणी."

"कुठली गाणी?"

"आईच्या ओव्या, आणि ह्यांच्या अव्वाची पदं. ह्यांनी बसून टाइप केली होती की."

आमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची, हे मला माहीत होते. काकांच्या आई बीसुकल्लिन पद म्हणत, म्हणजे जात्यावरचीच कन्नड गाणी. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षे खपले आणि त्यांनी दोन्ही बायकांना पुढ्यात बसवून जेवढे आठवेल तेवढे उतरवून घेतले. दोघीही आता नाहीत. पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, त्या आज कोणालाही इंटरनेटवर वाचता येतात. पण आमच्या आजीच्या ओव्या आणि काकांच्या अव्वाची पदे फक्त या एका डब्यात होती. कागदावर नाहीत, दुसरीकडे कॉपी नाही. मूळ वह्यासुद्धा 'आता संगणकात आहे' म्हणून रद्दीत गेल्या होत्या.

आता विचार करा. पोराचा पहिला किंवा दुसरा प्रयत्न यशस्वी झाला असता, तर त्याने 'संपूर्ण डिस्क' म्हणून केव्हाच होकार दिला असता. नवी लिनक्स दिमाखात सुरू झाली असती आणि दोन आज्यांची गाणी एका बोटासरशी पुसली गेली असती. त्याच्या दोन चुकांनीच ती वाचवली. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसलाही आणि थोडा गारही पडला.

काका दारातून म्हणाले, "एनातव्वा?"

"काही नाही काका, आधी सामान बाहेर काढतो."

"सावकाश माडव्वा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून जवळ बसले.

कणकुंबीकडे शाकारणी करताना कौले उतरवण्याआधी माळ्यावरचे धान्य, गाद्या, कपडे खाली आणतात, हे कोणाला शिकवावे लागत नाही. संगणकाचेही तेच. अँटीएक्ससारख्या प्रणालीची सोय अशी की ती डिस्कला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून चालते. तशी चालवली, जुनी डिस्क उघडली आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर फाइली उतरवायला लागलो. फोटो आले. ओव्यांची फाइल आली. पदांची फाइल मात्र अर्ध्यावर अडली आणि डिस्कमधून कट्-कट् असा आवाज यायला लागला. डिस्कचा काही भाग खराब झालेला होता. 'डीडीरेस्क्यू' नावाची एक सोय असते, ती वाचता येईल तेवढे वाचते आणि खराब जागा सोडून पुढे जाते. ती लावून रात्रभर ठेवली. सकाळी बहुतेक सगळे हाती आले, फक्त शेवटचा तुकडा राहिला.

यानंतरची चूक माझी. आवाज ऐकूनही मी त्याच डिस्कवर नवी प्रणाली घालायला बसले. पहिल्यांदा निम्म्यात वीज गेली. नेटबुकची बॅटरी केव्हाच मेलेली, तो ॲडॉप्टरवरच चालत होता, त्यामुळे दिवा गेला की तोही गेला. वीज आल्यावर बघते तर तारीख २००२ सालची! आतला गोल सेल संपला की असे होते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला 'असुरक्षित' म्हणतो, कारण त्याच्या मते त्या साइटचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही. माणूस इंटरनेटला शिव्या देत बसतो, दोष असतो घड्याळात. तारीख दुरुस्त केली, पुन्हा सुरुवात केली, ६२ टक्क्यांवर थांबले. परत केले, परत ६२. तेव्हा डोक्यात उजेड पडला. वेगवेगळ्या जागी अडले तर वीज, पेन ड्राइव्ह असे काहीही असू शकते. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा अडले तर आधी पेन ड्राइव्ह बदलून बघावा, आणि तरीही तेच झाले तर डिस्क गेली असे समजावे. पेन ड्राइव्ह बदलला, तरी ६२. मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर बंद केला.

आठ दिवसांनी बेळगावहून अडीच इंची छोटी एसएसडी आणि गोल सेल घेऊन परत गेले. जुनी डिस्क काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, फेकली नाही. नवी घातली आणि शेजाऱ्यांकडून इन्व्हर्टरची वायर ओढली. अर्ध्या तासात नेटबुक उठून बसला.

मग वाचवलेल्या फाइली उघडल्या आणि मावशीचा चेहरा उतरला. ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे यांची नुसती खिचडी. पदांचेही तेच. "गेलं म्हणायचं की काय गं?"

गेले नव्हते. युनिकोड घरोघरी रुळण्याआधी आपण जे मराठी-कन्नड टाइप करत होतो, त्यात संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरांचेच आकडे असत. त्या आकड्यांना मराठी किंवा कन्नड आकाराचे कपडे फाँट चढवत असे. फाँट नसला की मजकूर उघडा पडतो. काकांनी कन्नड 'नुडी'मध्ये टाइप केले होते, मराठी दुसऱ्या एका जुन्या फाँटमध्ये. सुदैवाने डिस्क उतरवताना मी विंडोजच्या फोल्डरमधले 'फाँट्स' हे अख्खे फोल्डरही घेतले होते. ते नव्या यंत्रात घातले, फाइलीला फाँट लावला आणि पडद्यावर कन्नड अक्षरे उभी राहिली.

काकांनी चष्मा वर केला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली आणि म्हणाले, "इदु नम्म अव्वन माते!" हे आमच्या आईचेच बोलणे. पुढे ते काही बोलले नाहीत. वाचत राहिले.

शेवटचे पद मात्र मधेच तुटले होते. काकांना पुढचे आठवेना. ते लहानपणी जात्याजवळ झोपायचे, त्यांनी ऐकले ते झोपेत. तेव्हा मावशी चुलीपाशी बसल्या बसल्या गुणगुणायला लागली. सून म्हणून आली तेव्हा पहाटे सासूबरोबर जात्याला हात लावणारी तीच होती. मराठी मावशीने कन्नड पदाच्या पुढच्या तीन ओळी सांगितल्या. चौथी तिलाही आठवली नाही. नातवाने तिच्यासाठी जागा मोकळी सोडली.

त्या तीन ओळी नातवाने तिथेच टाइप केल्या, तेही युनिकोडमध्ये. त्याला मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला होता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये ठरवलेला हा कीबोर्ड दोन भाषांच्या घरांसाठीच केला की काय असे वाटते. इंग्रजी 'के'च्या जागी मराठीत 'क' उमटतो आणि भाषा बदलली की त्याच जागी कन्नडचा 'क'. 'त', 'प', 'र', आपला लाडका 'ळ', सगळे दोन्हीकडे एकाच बोटाखाली. एकदा हात बसला की दोन्ही भाषा येतात.

आता विंडोज १० चा नेहमीचा सांभाळही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणजे तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी लवकरच कोणीतरी उत्साही भाचा किंवा नातू पेन ड्राइव्ह घेऊन येणार. त्याला हे वाचायला द्या:

१. काहीही पुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, 'यात काय आहे?' फोल्डरची नावे बघून कळत नाही.

२. फाइलींबरोबर 'फाँट्स' फोल्डरही उतरवा. जुना मराठी-कन्नड मजकूर नंतर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर मुळाशी ताडून बघा. जोडाक्षरे हमखास चुकतात.

३. प्रोसेसर ३२ बिट की ६४, तारीख बरोबर आहे का आणि वीज टिकेल का, हे तिन्ही आधी बघा.

४. डिस्क कट्-कट् वाजली तर तिच्यावर नवे काही घालू नका. आधी जुने वाचवा.

५. जे परत मिळणार नाही त्याच्या तीन प्रती ठेवा. एक यंत्रात, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या घरी, आणि एक कागदावर.

कागदावरची प्रत मी बेळगावला काढून घेतली. डाव्या पानावर आजीच्या ओव्या, उजव्या पानावर अव्वाची पदे. मावशीने ती देवघराच्या फळीवर ठेवली आहे, शेजारी एक पेन ठेवून. ती चौथी ओळ आठवली तर लिहायला.